तळपायावरचा नवा भिडू

"मोदक?"

"हजर."

"शेंगदाणा?"

"हजर, मॅडम."

"कानामागचा बंड्या?"

"हजर, पण त्याला गुदगुल्या होतायत."

पलंगावर पालथी पडलेली तन्मयी आपल्या तिळांची हजेरी देत होती आणि केतकी वहीत खुणा करत होती. लेकीची प्रतिकारशक्ती जन्मापासूनच अधू. अशा मुलांना त्वचेच्या कॅन्सरचा धोका जास्त, म्हणून दर महिन्याला अंगावरचा तीळ न् तीळ बघा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. नावं मात्र तन्मयीनेच ठेवली होती.

डावा तळपाय उचलला आणि केतकीचं पेन थांबलं. काळाकुट्ट, वाटाण्याएवढा डाग, कडा वेड्यावाकड्या. गेल्या महिन्यात इथे काहीच नव्हतं.

"नवीन ॲडमिशन?" तन्मयीने मान वळवून विचारलं.

केतकीने फोटो काढून डॉक्टरीणबाईंना पाठवला. लगेच फोन आला. "आधी ओल्या फडक्याने पुसून बघा."

फडकं काळं झालं. डाग निम्मा झाला.

"काल शाळेत केवढी गोड नाचली पोर," दारातून सासूबाई पुटपुटल्या. "कपाळावर तीट लावलेली तुला चालत नाही, म्हणून तळपायाला लावली. आज हजेरी आहे हे विसरलेच बाई."

केतकीने डोळे पुसले, पण उरलेली तीट पुसली नाही. वहीत तळपायासमोर तिने नवं नाव लिहिलं.

तन्मयीने ते वाचून पुकारलं, "आजी?"

"हजर," सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या.