पांढरी गोटी

आमच्या फ्रॅटर्निटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या क्लबात, नवा मुलगा घ्यायचा का, हे गुप्त मतदानाने ठरतं. प्रत्येकाला एक पांढरी आणि एक काळी गोटी मिळते. पेटीत एकच टाकायची. एक जरी काळी निघाली, तरी तो मुलगा बाद.

त्या दिवशी शेवटचं नाव अनीशचं होतं. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधला, माझ्या घराशेजारचा.

"हा तर दुसरा अमेयच!" आमचा प्रेसिडेंट माझ्याकडे बघून म्हणाला. सगळे खूश. बत्तीस जणांत तोवर इंडियन मी एकटाच, सगळ्यांचा लाडका.

पेटीतून एक काळी निघाली.

संध्याकाळी अनीशच्या आईचा, शैलजाकाकूंचा फोन आला. "कोण रे तो मेला, ज्याला माझा मुलगा चालला नाही?"

"ते कधीच कळत नाही, काकू. मी खूप भांडलो त्याच्यासाठी."

न टाकलेली पांढरी गोटी अजून माझ्या खिशात होती.