सूर्योदयाच्या आधी

जोगेश्वरीच्या टेकडीवरच्या त्या दारावर गेरूने आकडा घातला होता तो जयाबाईंनीच. एकशे बेचाळीस. फेब्रुवारीत जनगणनेला आल्या तेव्हा या खोलीत त्यांनी सहा माणसं लिहून नेली होती. आज मार्चची तीन तारीख, फेरतपासणीचा दिवस. काम तसं हलकं. कोणी वाढलं का, कोणी गेलं का, एवढं विचारायचं आणि पुढच्या दारी जायचं. सकाळपासून तीन नवी बाळं निघाली होती आणि दोन घरी चहा झाला होता.

"काय सुगंधा, आहात ना सगळे तेवढेच?" बाईंनी दारातूनच विचारलं.

सुगंधा भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही पोरी तिच्या अंगाला चिकटून. नवरा गुणाजी कामावर गेलेला. बाईंना पाळण्याची दोरी दिसली, गुंडाळून खुंटीला टांगलेली. विचारलेला प्रश्न परत गिळता आला असता, तर त्यांनी गिळला असता.

"झिल गेलो," सुगंधाची सासू म्हणाली. जानकी म्हातारी कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही. "गोवर आतच रवलो. आयतवारी गेलो."

बाई उंबऱ्यावर बसल्या.

हा मुलगा, नंदू, झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात त्या सुगंधाच्या खाटेशी अशाच बसल्या होत्या. गेल्या वर्षी, मार्च संपत आला असताना. शाळेतल्या प्रत्येक बाईने वर्षाला कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या दोन केसेस आणायच्या, असा वरून हुकूम होता आणि बाईंची एक कमी पडत होती. सुगंधा का-कू करत होती. "दोन मुलींवर मुलगा झालाय, आता कसली वाट बघतेस?" असं म्हणून बाईंनी स्वतः कागद भरला आणि सहीची जागा बोटाने दाखवली. त्यात फसवलं असं काही नव्हतं. दोन मुलांवर बाईंनी स्वतःचंही ऑपरेशन करून घेतलं होतं. त्यांची दोन्ही मुलं धडधाकट होती.

"रविवारी, म्हणजे एक तारखेला. किती वाजता गेला?" बाईंनी विचारलं, आणि विचारताना त्यांना स्वतःची शरम वाटली.

सुगंधाने पहिल्यांदाच वर पाहिलं. "वेळ कशाला पाहिजे?"

बाईंनी सांगितलं. वर्गात पोरांना सांगतात तसं, सावकाश. एक मार्चला सूर्य उगवला तेव्हा जो जिवंत होता, तो या देशाच्या मोजणीत धरायचा. त्याच्या आधी गेला असेल, तर त्याचं नाव खोडायचं. नंतर गेला असेल, तर नाव राहतं.

"मग नंतर गेला," सुगंधा म्हणाली. "उजाडलं होतं."

म्हातारीचे हात सुपात थांबले. "काय सांगतंस गो? माझ्या मांडयेर गेलो तो. नळाक पाणी येवक नव्हता. मिट्ट काळोख."

"उजाडलं होतं म्हणते ना मी!"

सासूपुढे एवढा आवाज तिने कधी चढवला नसावा. पोरी दचकल्या. धाकटी रडायला लागली, तिला थोरलीनेच जवळ घेतलं.

"लिहा बाई तुम्ही," सुगंधा हळू आवाजात म्हणाली. "राहू दे ना त्याला. कोणाचं काय जातंय?"

टेकडीवर नळाला पाणी साडेपाचला येतं, हे बाईंना ठाऊक होतं. त्या खालच्याच चाळीत राहायच्या, पहाटे त्यांचीही बादली त्याच रांगेत असायची. साडेपाचला सूर्य उगवत नाही, हे तर पहिलीतलं पोरही सांगेल. त्यांनी पिशवीतून कागद काढला. सहावी ओळ. नंदू गुणाजी, पुरुष, वय शून्य. पुरी झालेली वर्षंच लिहायची असतात, आणि त्याचं पहिलंच पुरं व्हायचं होतं.

पंधरा वर्षांच्या नोकरीत बाईंनी हजेरीपटावर एकदाही गैरहजर पोराला हजर मांडलं नव्हतं. शिपायाच्या मुलाला नाही आणि हेडमास्तरांच्या भाच्यालाही नाही. त्यावरून त्या शाळेत नावडत्या होत्या, आणि त्याचा त्यांना मनातून अभिमान होता.

त्यांनी पेन उघडलं. सहाव्या ओळीला हात लावला नाही. खाली लिहिलं, 'बदल नाही', आणि सही केली.

"राहिला," त्या म्हणाल्या.

सुगंधा गुडघ्यांवर पुढे सरकत आली. चौथी शिकलेली होती ती. तिने ओळीखाली बोट धरून आधी स्वतःचं नाव वाचलं, मग पोरींची, मग नंदूचं. तिथे तिचं बोट थांबून राहिलं.

"कागदार रवलो," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून बाईंना ते जास्त लागलं. "घरात खय रवलो? आता दुसरो झिल खयसून हाडतली ती?"

कागद पिशवीत घालून त्या उठल्या. अजून साठ घरं राहिली होती आणि ऊन चढलं होतं. उंबऱ्याबाहेर एक पाय पडला तोच सुगंधाने त्यांच्या पदराचं टोक धरलं. लहान मूल धरतं तसं, दोन बोटांत.

"बाई," ती म्हणाली, "तो ऑपरेशनचा कागद पण तुम्हीच भरला होता ना? तो पण बदला ना."