दांड्याची उंची

आई गेल्यावर बाबांच्या बाथरूमला नव्या टाइल्स बसवायचं लेकीनं मनावर घेतलं. जुन्या टाइल्स निघाल्या आणि नवं सिमेंट घट्ट धरावं म्हणून गवंडी भिंतीला टाचे मारू लागला. आधाराच्या दांड्याच्या भोकांपाशी तो थबकला.

"ताई, इथला दांडा कुणी लावला होता? स्टुलावर बसून अंघोळ करणाऱ्या माणसाचा हात पोचतो होय इथवर?"

"बाबांनी! आईसाठी. जरा खाली घ्या म्हणून किती कानीकपाळी ओरडले मी, पण ऐकतील तर शपथ. बुजवून टाका ती भोकं."

"थांबा," बाबा दारातून म्हणाले. "तो तिच्यासाठी नव्हताच. एका हातानं मी तिला उठवायचो. दुसऱ्या हातानं मला काहीतरी धरायला नको?"