मानाची घंटा

"कुणी विश्वास ठेवणार नाही, पण ऐका!" सोलांजच्या खाणावळीत शिरता शिरताच मी म्हणालो.

फ्रान्समधल्या आमच्या आर्देशच्या डोंगरात चेस्टनटच्या रानातून नदीपर्यंत एक सायकलवाट उतरते. त्या उतारावर मला कधीच कुणी मागे टाकलं नव्हतं. म्हणून तर गाईच्या गळ्यातली ती पितळी घंटा भिंतीवर माझ्या नावानं टांगलेली होती. मागे पडेल त्यानं ती आपल्या हातानं उतरवायची, असा रिवाज.

"दोन्ही चाकांना मडगार्ड लावून कसली शर्यत, अनातोलकाका? छत्रीही बांधा की!" बास्तियाँ खिदळला. तो आणि बाकीची सायकलवाली मंडळी सकाळपासून इथंच सूप ओरपत बसली होती. रानात मी एकटाच होतो.

"निम्म्या उतारावर मागून चाकांची सळसळ ऐकू आली," मी सांगू लागलो. "वळून पाहिलं, तर वाट रिकामी. पाचोळासुद्धा हलत नव्हता. मी वेग वाढवला, तशी सळसळही वाढली. ओढ्याच्या चिखलात तर ती अगदी माझ्या कोपराशी आली."

"मग?"

"मग काय! अनातोल आहे मी. तसूभर पुढे जाऊ दिलं नाही. घंटा अजून माझीच!"

सगळ्यांनी ग्लास उंचावले. सोलांज मात्र ओला टॉवेल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. माझं तोंड पुसायला उचललेला तिचा हात मध्येच थांबला.

"खोटं बोलताय, काका," ती हळूच म्हणाली. "तुमच्या पुढे कुणी नव्हतं, तर तोंडावर हा चिखल कुणाच्या चाकानं उडवला?"