शिरक्याचा निवाडा

“समुद्राचा कायदा राजांच्या आधीचा आहे आणि पर्वतासारखा अढळ आहे!” पंच आल्डर्ट उभे राहून गरजले.

हॉलंडमधल्या होर्न गावात पर्वत कुणीच पाहिला नव्हता. तिथे उंच म्हणावा असा एक चर्चचा मनोरा, आणि दुसरा लुबर्ट व्यापाऱ्याचा आवाज. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. आल्डर्ट समाधानाने खुर्चीत बसले आणि लगेच उठले. खुर्चीवर त्यांची मातीची चिलीम होती. आता तिचे तुकडे होते.

विब्रेन नाखवा हसला नाही. तो पलीकडच्या काठावरचा, फ्रीसलंडचा माणूस. फ्रान्समधल्या बोर्दोहून लुबर्टसाठी वाइनची पिंपं घेऊन आला होता. वाटेत इंग्लंडच्या किनाऱ्याशी वारा रुसला आणि जहाज भर उन्हाळ्यात नांगर टाकून बसलं. पिंपांच्या पोटात काय चाललं होतं, देव जाणे. बुचांवर लाखेच्या मोहरा होत्या. नाखव्याने मोहर फोडली की त्याचं भाडं बुडालं, असा रिवाज. विब्रेनने थेंबही चाखला नव्हता.

लुबर्टने मात्र धक्क्यावर पाय ठेवताच एक बूच काढलं, घोटभर तोंडात घेतलं आणि असा चेहरा केला की शेजारी झोपलेला कुत्रा उठून गेला.

“आंबली! भाडं एक तृतीयांशाने कापतो.”

विब्रेनला ते परवडणार नव्हतं. खलाशी पगारासाठी खोळंबले होते. भाडं पुरतं मिळालं नाही तर जहाजातला आपला हिस्सा विकायचा आणि म्हातारपणी दुसऱ्याच्या जहाजावर दोर ओढायचे, एवढंच उरलं होतं. म्हणून तो पंचांकडे आला.

“पुन्हा आंबली का हो, लुबर्टशेठ?” आल्डर्टनी विचारलं. “गेल्या हंगामातही आंबली होती.”

“माझं नशीबच आंबट, पंचसाहेब. पण मी उदार माणूस आहे. एक तृतीयांश कापा, बाकीचं भाडं देतो.”

“कायद्यात एक तृतीयांश नाही. माल धड असेल तर पुरतं भाडं द्यायचं. नासला असेल तर माल नाखव्याच्या पदरात टाकायचा आणि भाड्यातून मोकळं व्हायचं. धड आहे की नासलाय, तेवढं सांगा.”

“नासलाय म्हणजे? वाइनचा आंबून शिरका झालाय शिरका! अहो, असला माल मला फुकट दिला तरी नको!”

“लिहून घ्या,” आल्डर्ट कारकुनाला म्हणाले. “फुकट दिला तरी नको.”

मग पिंपातली वाइन भरलेली पुराव्याची सुरई आली. विब्रेनने हात पुढे केला, तर त्याला सांगितलं की वादीने पुरावा प्यायचा नसतो. तिघा पंचांनी चाखली. आल्डर्टनी घोट तोंडात बराच वेळ फिरवला. दुसऱ्या पंचांना खात्री वाटेना, म्हणून त्यांनी आणखी घेतली. तिसऱ्यांनी प्रार्थनेला मिटावेत तसे डोळे मिटले, आणि ते त्यांनी उघडावेत म्हणून कोपराने ढोसावं लागलं. तिघांची डोकी एकत्र आली. कुजबुज झाली. कुणीच हसलं नाही.

“शिरका,” आल्डर्टनी जाहीर केलं. “लुबर्टशेठ, तुम्ही भाडं देणं लागत नाही.”

विब्रेनला पायाखालची फळी सरकल्यासारखं झालं. लुबर्टने झोकात टोपी काढली.

“आणि पिंपं सगळी नाखव्याची,” आल्डर्ट पुढे म्हणाले.

लुबर्टची टोपी डोक्यापर्यंत परत पोचलीच नाही.

“सगळी?” त्याने विचारलं. मग तो विब्रेनकडे वळला, आणि त्याचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. “नाखवा, तुमची दया येते हो. एवढ्या शिरक्याचं तुम्ही काय करणार? मी अर्धं भाडं देतो, पिंपं घेऊन जातो.”

विब्रेनचे डोळे भरून आले. “शेठ, धक्क्यावर लोक तुमच्याबद्दल काय काय बोलत होते. मी कानाआड केलं, ते बरंच झालं.”

“अर्धं कशाला, पुरतं देतो! वर खलाशांना हेरिंग मासे आणि बिअर!”

विब्रेनने हात पुढे केला. आल्डर्टनी मेजावर थाप मारली.

“खबरदार! निवाडा झाला. नासलेल्या मालाचं भाडं देणारा आणि घेणारा, दोघेही गुन्हेगार. नाखवा, हात मागे.”

“पंचसाहेब, तो बिचारा स्वखुशीने देतोय!”

“हो ना, बिचारा स्वखुशीने देतोय!” लुबर्ट ओरडला.

“शेठना कुणीतरी मोकळ्या हवेत न्या,” आल्डर्ट म्हणाले. दोन हमालांनी त्याला काखेत धरून जिन्यावरून उतरवलं. खालपर्यंत त्याचं औदार्य ऐकू येत होतं.

विब्रेन टोपी चुरगाळत उभा राहिला. खिडकीतून आपलं जहाज दिसत होतं. कठड्याला टेकून खलाशी उभे होते, इकडेच बघत. त्यांना काय सांगायचं? पगाराऐवजी माणशी एक मडकं शिरका?

“छान कायदा आहे तुमचा,” तो पुटपुटला. “मला देणारा एकच देवमाणूस भेटला, त्यालाही हाकललंत.”

आल्डर्ट चिलमीचे तुकडे गोळा करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“नाखवा, त्यातलं एक पिंप माझ्या घरी पाठव. पैसे रोख देतो.”

“पिंपभर शिरका? एवढ्याचं काय करणार?”

“धाकटीचं लग्न आहे.”

विब्रेनने मेजाकडे पाहिलं. उरलेले दोन पंचही अजून उठले नव्हते. एकाने रिकामी सुरई उलटी धरली होती, दुसरा खाली पेला घेऊन थेंबाची वाट बघत होता.

“आणि एवढं कर,” आल्डर्ट म्हणाले, “बूच जरा घट्ट ठोक. आंबायला नको.”