मिनिटाला एक चमचा

आईला जाऊन आठवडाच झाला होता, तरी नर्स मुलांच्या वॉर्डात कामावर हजर झाली. जुलाबांनी सुकलेलं पोर रडत होतं, पण डोळ्यांत थेंब नव्हता आणि त्याच्या आजीने पाण्याचा पेला पाठीमागे लपवला होता. “डॉक्टरांनी पोटासाठी चांगल्या जंतूंची पावडर दिलीय. पाणी पाजलंस तर ते वाहून जातील.” “आजी, जंतू पोहतील. पोर पाण्यावाचून टिकायचं नाही.” “मला शिकवतेस? पाच पोरं वाढवलीत मी.” “माझ्या आईने याच वॉर्डात हजारो जगवली, या चमच्याने.” नर्सने पेला काढून घेतला, त्यातल्या मीठ-साखरेच्या पाण्यात खिशातला झिजलेला चमचा बुडवला आणि खाटेवर ठाण मांडलं. “तक्रार खुशाल करा.” मिनिटाला एक चमचा. दुपारी पोर रडलं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. आजी नरमली. “दमलीस, पोरी. आण इकडे.” नर्सने पेल्यासोबत दुसरा चमचा दिला. आईचा मुठीतच राहिला.