आजची गाठ

"अजून एकसुद्धा राजा आला नाही," धाकटी कुरकुरली. मागच्या बाल्कनीपासून लोकर मोजत ती रांगत आली होती आणि आता तिचे गुडघे बोलायला लागले होते.

"राजे दाराजवळ. जरा दम धर," बाबा म्हणाला.

मुली शाळेत जात नव्हत्या. बाबाच घरी शिकवायचा, आणि आजचा धडा त्याने स्वतःच्या डोक्यातून काढला असल्यामुळे स्वारी भलतीच खुशीत होती. माणसाची सगळी गोष्ट एका लोकरीत. एक वीत म्हणजे हजार वर्षं. पहिली माणसं बाल्कनीत, आपण पुढच्या दारात. मधली लोकर पलंगाखालून, टेबलाच्या पायांना वेढे घालत खोल्याखोल्यांतून फिरली होती. वितीमागून विती जात होत्या आणि काही म्हणजे काही घडत नव्हतं. शिकार, भटकणं, पुन्हा शिकार. मुलींनी कंटाळावं हाच तर बाबाचा डाव होता.

पण माणूस गुहेत चित्रं काढायला लागला आणि काळ्या लोकरीचा गुंडा संपला.

"घरात असेल कुठेतरी, बघा," एवढं बोलून तो उतू चाललेल्या दुधाकडे धावला.

ओटा पुसून परत आला तेव्हा काळ्या लोकरीला करडी लोकर जोडलेली होती. शेती, लिहिणं, राजे, लढाया, छापखाना, सगळ्यांच्या चिठ्ठ्या दाराकडे गर्दी करून बसल्या होत्या. थोरलीने दाराच्या कडीला आजची गाठ मारली होती. शाबासकी बाबाच्या अगदी ओठांवर आली होती, तेवढ्यात त्याने नीट पाहिलं. करडी लोकर सरळ पडत नव्हती. तिला टाक्याटाक्याची वळणं होती.

बाबाने ती दोन बोटांत उचलली.

"कुठून आणलीत ही?"

"कपाटावरच्या पिशवीतून," थोरली म्हणाली. "आजीची."

आजी, मुलींच्या आईची आई. लेकीसाठी स्वेटर विणत होती. एक बाही अर्धी राहिली आणि आजी गेली. तेव्हापासून तो स्वेटर सुयांसकट त्या पिशवीत होता. पिशवीला हात लावू नका, असं कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. ते सांगावं लागत नाही, असं बाबा धरून चालला होता.

"अगं, पण तीच का?"

"आजी पण यात हवी ना?"

"आणि उरलेला स्वेटर?"

"दाराबाहेर ठेवलाय."

बाहेर का, हे विचारायला बाबाने तोंड उघडलं, तोच जिन्यात पावलं वाजली. दवाखान्यातली पाळी संपवून आई येत होती. पावलं दाराशी येऊन थांबली.

अर्धवट उघडं दार ढकलून ती आत आली. हातात स्वेटर होता.

"कोणी उसवलं हे?"

"चूक माझी आहे," बाबा म्हणाला. "मीच म्हटलं, बघा म्हणून..."

"मी उसवलं," थोरली म्हणाली. "चारच बोटं, आई."

आई चपला न काढताच खाली बसली. सुईवरच्या टाक्यांवरून तिने बोट फिरवलं. एकही सुटलेला नव्हता.

"टाके कोणी उचलले परत?"

"मीच. आजीने शिकवलं होतं."

"मला नाही शिकवलं कधी." मग तीच म्हणाली, "मीच बसले नाही तिच्यापाशी."

धाकटीने हळूच बाबाचा हात धरला. आईने डोळे पुसले नाहीत. ते वाहत होते तसेच वाहू दिले. जमिनीवरच्या करड्या लोकरीवरून तिची नजर कडीपर्यंत गेली.

"आजी कुठेय यात?"

थोरलीने कडीवरची गाठ दाखवली. "इथे."

"आणि आपण?"

"आपण पण इथेच. मी वेगळी गाठ मारून बघितली, पण जागाच नाही. आजी, तू, मी, ही, सगळ्या एकाच गाठीत येतो."

"माणसाची एवढी मोठी गोष्ट," आई पुटपुटली. तिने गाठ चिमटीत धरून बघितली. गाठीपलीकडे लोकर तशीच पुढे जात होती, उंबऱ्याबाहेर वळसा घेऊन तिच्या मांडीवरच्या बाहीपर्यंत.

"मग ही कापली का नाहीस? संपलं ना इथे?"

थोरलीने बाबाकडे असं पाहिलं, जणू एवढं साधं आईला कसं कळत नाही.

"कापली तर पुढचं कशातून विणणार?"

जिन्यातून वारा आत येत होता आणि राजांच्या चिठ्ठ्या उडायला लागल्या होत्या. बाबा दार लोटायला पुढे झाला.

"राहू दे उघडं," आई म्हणाली. "लोकर चेमटेल."

आणि तिने थोरलीला जवळ ओढून सुया तिच्या हातात दिल्या.